माकणीची भीती आणि विवेकाची मोजपट्टी

माणसाला त्रास होतो तो घटनेपेक्षा त्या घटनेविषयी तो मनाशी जे बोलतो त्याने जास्त. बोधनिक उपचारपद्धतीची सगळी इमारत या एका विधानावर उभी आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत, दहावीच्या परीक्षेआधीच्या व्याख्यानांत, दिवाळी अंकांतल्या लेखांत ते आता इतक्या वेळा ऐकू येते की, हे एक विधान आहे, म्हणजे तपासून पाहण्याजोगी गोष्ट आहे, याचाच विसर पडावा. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही. संशोधन हा आमचा व्यवसाय. एखादे सूत्र कुठवर लागू पडते हे जाणून घ्यायचे तर ते सोप्या जागी लावून चालत नाही. जिथे ते मोडण्याची शक्यता आहे तिथेच लावून पाहावे लागते, एवढी सवय मात्र या व्यवसायाने लावली आहे. या लेखापुरती आम्ही अशी एक जागा निवडली आहे : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले माकणी.

माकणीच का? तेरणा नदीवरचे निम्न तेरणा धरण या गावाजवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने ज्या पट्ट्यातली गावे ढिगाऱ्यात गेली, त्या किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात माकणी येते. पुढच्या तीस वर्षांत याच भागाने अवर्षणाची आणि कर्जाची वर्षे पाहिली. म्हणजे भीती आणि निराशा या दोन्हींना इथे बाहेरची, डोळ्यांना दिसणारी कारणे आहेत. महानगरातल्या दवाखान्यात जन्मलेला सिद्धांत इथे टिकतो का, आणि टिकला तर कोणत्या रूपात, हा आमचा प्रश्न आहे.

आधी सिद्धांताला त्याचे श्रेय देऊ. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट एलिस यांनी फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषण सोडून दिले आणि रुग्णाच्या धारणांशी थेट वाद घालायला सुरुवात केली. फिलाडेल्फियात एरन बेक यांची वाट आणखी बोधप्रद आहे. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे मनोविश्लेषणातले मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी नैराश्यग्रस्तांची स्वप्ने तपासायला घेतली. स्वप्नांत राग सापडेना. सापडले ते नुकसान, अपयश, नकार. सिद्धांत सिद्ध करायला निघालेला माणूस पुराव्यापुढे थांबला आणि त्याने सिद्धांतच बदलला. नैराश्याच्या बोधनिक उपचारावरचे बेक आणि सहकाऱ्यांचे पुस्तक १९७९ सालचे. मराठीत ही विचारसरणी आणण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. त्यांचा खुद्द एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या संस्थेने आणि तिच्याभोवतीच्या मंडळींनी तिला व्याख्यानांतून, पुस्तकांतून घरोघरी नेले. मराठी माणसाला ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मानसोपचाराच्या संदर्भात आज परका वाटत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

उपचार म्हणजे नेमके काय, हे वर्गातल्या उदाहरणाने पाहू. सातवीतली एक मुलगी म्हणते, “मला गणित येतच नाही.” प्रेरणादायी वक्ता तिला सांगेल, “असे म्हणू नकोस, मी करू शकते असे म्हण.” बोधनिक पद्धतीने काम करणारा असे काही सांगणार नाही. तो तिच्यापुढे दहा उदाहरणे ठेवील आणि विचारील, यातली किती सुटतील असे तुला वाटते? ती म्हणेल, एखादे. तो आकडा वहीत लिहून ठेवायचा. मग उदाहरणे सोडवायला द्यायची. समजा, चार सुटली. आता वहीत दोन आकडे आहेत : अंदाज एक, प्रत्यक्षात चार. दहापैकी चार हे काही यश नव्हे. पण ‘येतच नाही’ हे वाक्य आता जसेच्या तसे उभे राहू शकत नाही. त्याची जागा ‘अपूर्णांकांची उदाहरणे येत नाहीत’ अशा एखाद्या नेमक्या वाक्याला घ्यावी लागते आणि नेमक्या वाक्यावर पुढे काहीतरी करता येते. या सगळ्यात ‘तू हुशार आहेस’ असे कुणीही म्हटलेले नाही.

प्रयोगशाळेत चालते तेच हे : भाकीत, निरीक्षण, दुरुस्ती. आमच्या मते या पद्धतीचे सामर्थ्य इथे आहे आणि लोकप्रिय मराठी लेखनात नेमके हेच गळून पडते. उरतो तो फळ्यावरचा सुविचार. ‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ असे म्हणणारा माणूस नकळत दुसरेही वाक्य म्हणत असतो : आयुष्य बदलले नाही, तर तुम्ही विचार नीट बदलला नाहीत. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाच्या हातात दोषाचे आणखी एक कारण देण्याचा हा प्रकार आहे.

एक खुलासा इथेच केलेला बरा. ‘बोधनिक’ हे नाव सारखे असले तरी प्रयोगशाळेतले बोधनिक मानसशास्त्र आणि बोधनिक उपचार हे एकाच झऱ्यातून निघालेले नाहीत. पहिल्याचा विषय स्मृती, अवधान, भाषा, निर्णय. उल्रिक नाइसर यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्याला नाव मिळाले. दुसरा दवाखान्यात वाढला. दोघांची खरी गाठ पडली ती नंतर. तिचे एक सुंदर उदाहरण १९८६ सालचे आहे. मार्क विल्यम्स आणि डोनल्ड ब्रॉडबेंट यांनी नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा विशिष्ट प्रसंग आठवायला सांगितला. ‘आनंद’ म्हटले की इतर लोक एखादा ठरावीक दिवस सांगत. हे रुग्ण मात्र ‘पूर्वी आम्ही फिरायला जायचो’ अशा ढोबळ आठवणीवर थांबत. प्रसंग हाती येत नव्हता. अडचणीतून वाट काढताना माणूस मागचे प्रसंगच वापरतो : मागच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा कुणाकडे गेलो होतो, काय बोललो होतो, काय झाले होते. आठवण ढोबळ झाली की वाटही दिसेनाशी होते. शिक्षकांना ही खूण ओळखणे अवघड नाही. मुलाच्या बोलण्यात ‘नेहमीच’, ‘कधीच’, ‘सगळेच’ हे शब्द दाटू लागले आणि ‘परवा दुपारी’ नाहीसे झाले, तर ते केवळ चिडचिडे बोलणे समजू नये.

आता माकणीकडे वळू. प्रसंग कल्पित आहे, परिस्थिती खरी. ऑक्टोबर १९९२. किल्लारी परिसराला त्या महिन्यात भूकंपाचे धक्के जाणवले होते. एक माणूस घरात झोपायला घाबरतो आहे. घर या भागातल्या जुन्या घरांसारखे : दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडे आणि त्यांवर मातीचा जाड थर असलेले माळवद. त्याच्या मनातला विचार असा की, हे घर एक दिवस अंगावर येणार. तो उपचारकाकडे गेला असता तर उपचारकाने त्याच्याकडे पुरावा मागितला असता. पुरावा काय होता? भारतीय मानक संस्थेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर, ही शाळेत शिकवली जाणारी गोष्ट होती. नियमाप्रमाणे या भीतीवर ‘आपत्तीची अतिशयोक्ती’ असा शिक्का बसला असता. अकरा महिन्यांनी ६.२ प्रतीच्या भूकंपात हजारो माणसे मेली. मृतांचे आकडे मोजणीनुसार आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिले जातात. बहुतेक मेली ती अशाच घरांखाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. २००२ साली नकाशाही बदलला; पहिला पट्टा रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला.

एका घाबरलेल्या माणसाची भीती खरी ठरली म्हणून सर्व भीत्या खऱ्या मानायच्या, असे आम्हाला म्हणायचे नाही. उपचारकाने त्या दिवशी हाताशी असलेल्या पुराव्यावरच बोलायचे असते आणि पुरावा त्याच्या बाजूचा होता. आमचा आक्षेप मोजपट्टीवर आहे. ‘हा विचार खरा की खोटा’ हा प्रश्न धोक्याच्या बाबतीत अपुरा पडतो. धोक्याला दोन मापे लागतात : घडण्याची शक्यता किती आणि घडले तर किंमत किती. शक्यता थोडी पण किंमत प्राणांची, असे असेल तर भिंतीत आडवे-उभे बंध घालणे, माळवदावरची माती कमी करणे हे विवेकाचेच काम आहे. रोज रात्री जागत बसणे हे मात्र नाही. जागण्याने भिंत बळकट होत नाही. एलिस यांच्याशी न्यायाने वागायचे तर हा भेद त्यांच्या मूळ मांडणीत आहे. योग्य काळजी आणि लुळे करून टाकणारी चिंता यांत ते फरक करतात. ‘भूकंप होऊ नये’ ही इच्छा आणि ‘भूकंप होताच कामा नये’ हा हट्ट त्यांनी वेगळा काढला आहे. पण व्याख्यानाच्या तासाभरात हा भेद टिकत नाही आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचते ते इतकेच की, भीती अविवेकी असते.

धरणाचे उदाहरण तर त्याहून चमत्कारिक. भूकंपानंतर काही भूवैज्ञानिकांनी अशी शक्यता मांडली की, निम्न तेरणा जलाशयातल्या पाण्याने जमिनीखालचा तणाव मोकळा होण्यास हातभार लावला असावा. कोयनेचा अनुभव महाराष्ट्रासमोर होताच. इतरांनी हे मान्य केले नाही. हा जलाशय उथळ आहे, असे त्यांचे म्हणणे. समजा, माकणीतला एक शेतकरी म्हणतो, “धरण भरले की मला झोप येत नाही.” त्याचा विचार विवेकी की अविवेकी? तज्ज्ञांत ज्यावर एकमत नाही त्या बाबतीत त्याला खात्रीने ‘खोटे’ म्हणण्याचा अधिकार उपचारकाला कुठून येणार? आम्हाला वाटते, इथे प्रामाणिक उत्तर असे असेल : “काही शास्त्रज्ञांना तुमच्यासारखे वाटले, बऱ्याच जणांना तसे वाटले नाही. धरण भरले नाही तर तुमच्या शेतीचे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. तुमचे आताचे घर कसे बांधले आहे ते पाहू.” शेतकऱ्याला अनिश्चितता पेलत नाही असे मानणेच चूक आहे, पावसावर पेरणी करणाऱ्या माणसाइतका तिचा सराव कुणाला असेल?

आणखी एक गोष्ट भूकंपग्रस्तांनी शिकवली असे म्हणता येईल. जड मालमोटार रस्त्याने जाते, खिडकीची तावदाने थरथरतात, आणि बाईच्या छातीत धडधड सुरू होते. ती मालमोटारच आहे हे तिला ठाऊक आहे. विचार बरोबर आहे. शरीर ऐकत नाही. अशा वेळी ‘विचार तपासा’ या सल्ल्याचा काय उपयोग? ॲन्के एलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांनी २००० साली आघातोत्तर तणावाची जी मांडणी केली, ती या ठिकाणी फार उपयोगी पडते. साध्या आठवणीला काळाची चिठ्ठी चिकटलेली असते : हे तेव्हा झाले, संपले. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांत राहते, चिठ्ठी निसटते आणि एखाद्या आवाजाने, वासाने ती जागी झाली की धोका आत्ताचा वाटतो. म्हणून तिथला उपचार मतपरिवर्तनाचा नाही. त्या रात्रीचा वृत्तांत सावकाश, सुरक्षित वातावरणात, पुढे काय झाले तिथपर्यंत नेऊन जोडायचा असतो. टाळलेल्या जागी सोबतीने जायचे असते. याला अनेक आठवडे आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

किल्लारीनंतर अशी गरज किती जणांना होती? भूकंपानंतर महिन्याभराने तपासलेल्या एका छोट्या गटाचा अहवाल १९९६ साली अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक लोकांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला होता. मुख्यतः आघातोत्तर तणाव आणि नैराश्य. गट लहान आहे, तेव्हा हा आकडा सगळ्या पट्ट्याला लावू नये. शिवाय आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यातला बराचसा त्रास आपोआप ओसरतो, हेही ध्यानात ठेवावे.

या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष केल्याने एक मोठी चूक जगभर घडली. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी आपत्तीनंतर काही दिवसांतच गट जमवून प्रत्येकाला घडलेले बोलायला लावण्याची पद्धत मांडली. मूळ पद्धत अग्निशामक दलासारख्या सेवांतल्या माणसांसाठी होती. पुढे ती सगळ्यांनाच लावली जाऊ लागली. मन मोकळे केले की हलके होते, हे इतके उघड वाटते की तपासण्याची गरज कुणाला भासेना. तपासले तेव्हा मात्र निकाल उलटे आले. ब्रिटनमध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना अशी एक बैठक दिली, काहींना दिली नाही. तेरा महिन्यांनी बैठक दिलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावाचा विकार होता. न दिलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. दोन्ही गट सुरुवातीला अगदी सारखे नव्हते, हे संशोधकांनीच नोंदवले आहे. पण नंतर अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतल्यावरही फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आता अशी एक-बैठकी पद्धत वापरू नये असेच सांगते.

आम्ही हे इतक्या तपशिलाने लिहितो आहोत, कारण हे शाळेच्या दारात येते. पूर, अपघात, वर्गमित्राचा मृत्यू. दुसऱ्याच आठवड्यात वर्गाला ‘मी पाहिलेली आपत्ती’ असा निबंध देण्याचा किंवा सर्वांना एकेक करून उभे करून बोलायला लावण्याचा मोह शिक्षकांना होतो. हेतू चांगलाच असतो. ज्याला बोलायचे आहे त्याचे जरूर ऐकावे. ज्याला बोलायचे नाही त्याच्या गप्प राहण्याला विकार समजू नये. शाळा ठरल्या वेळी भरणे, घंटा वाजणे, खेळाचा तास होणे हेच त्या दिवसांतले मोठे औषध असते.

आतापर्यंत भीतीविषयी लिहिले. निराशेचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तिथे आकडे आहेत. मराठवाड्यातले २०१२ पासूनचे दुष्काळ वाचकांना आठवत असतील. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी सोयाबीन हातचे गेलेला शेतकरी म्हणतो, “यंदा कर्ज फिटणार नाही.” हा विचार विकृत आहे का? तो हिशोब आहे. वही आणा, बेरीज करा. बहुधा तो बरोबरच निघेल. पण त्याच्यापुढे दुसरे वाक्य येते : “म्हणून मी घरच्यांना ओझे झालो.” पहिल्या वाक्यात आकडे आहेत, दुसऱ्यात उडी आहे. बोधनिक उपचाराची खरी जागा आमच्या मते त्या ‘म्हणून’ या शब्दावर आहे, त्याच्या आधी नाही. घरच्यांना विचारून पाहता येते, आणि घरचे काय म्हणतील हे बहुतेक वेळा त्या माणसाच्या अंदाजापेक्षा फार वेगळे असते.

पहिले वाक्य मात्र उपचारकाच्या हातातले नाही. ते बँक, बाजारभाव, पीकविमा आणि पाणी यांच्या हातात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या सुमारास ‘प्रेरणा’ प्रकल्पाखाली उस्मानाबादसह चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय सुरू केली. ही सोय हवीच होती. पण समुपदेशन हे पिकाच्या भावाला पर्याय म्हणून उभे केले गेले तर तो मानसशास्त्राचा गैरवापर होईल. आणि त्या मानसशास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच सर्वांत आधी तसे म्हणायला हवे. अशा कोणत्याही योजनेत किती जणांचे समुपदेशन झाले या आकड्यावरून ती उपयोगी आहे की नाही हे कळत नाही, हेही इथे सांगून ठेवतो. किती जण बरे झाले, आणि समुपदेशनाशिवाय किती जण झाले असते, हे कळले पाहिजे.

असे मोजून पाहिलेले काम आपल्या शेजारी झाले आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१६-१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळालेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाची. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या बाहेर आले होते. ज्यांना नेहमीची वैद्यकीय सेवाच थोडी सुधारून मिळाली, त्यांच्यातले ३९ टक्के. दुसरा आकडा विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा. तुलनेचा गट नसता तर ६४ टक्क्यांचे सगळे श्रेय उपचाराला गेले असते; प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग काळ आणि साधी सेवा यांचा आहे. उपचाराचा स्वतःचा वाटा मधल्या पंचवीस टक्क्यांचा. तो मुळीच थोडा नाही. आणि उपचार मिळूनही शंभरातले छत्तीस जण बाहेर आले नव्हते, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

आता त्या भेटींत काय होत असे ते पाहा. विचारांशी वाद जवळजवळ नाही. भर होता कृतीवर : दिवसभर काय करता, त्यातले काय केल्यावर थोडे बरे वाटते, काय सुटून गेले आहे, त्यातले उद्या सकाळी कोणते एक करता येईल, कुणाची मदत घेता येईल. याच्या मागेही एक जुना प्रयोग आहे. १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन यांनी बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा केवळ कृतीचा भाग हा संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक निघाला. ज्या भागामुळे पद्धतीला नाव मिळाले, त्या विचारपालटाची भर त्या प्रयोगात दिसली नाही. ‘विचार आधी, भावना नंतर’ या विधानाचा हा पराभव आहे असे आम्ही म्हणणार नाही; वेगळ्या प्रकारे जगल्यावर विचारही बदलतात. पण क्रम एकच आहे असा आग्रह यापुढे धरता येणार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ या कामाबद्दल मात्र आम्ही थोडे सावध आहोत. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमुळे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, हे मोठेच यश आहे. नैराश्याचे प्रमाणही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आल्याचे त्यात नोंदले आहे. पण तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती. आधी आणि नंतर एवढेच मोजले गेले. शेतीच्या प्रदेशात दोन वर्षे कधी सारखी असतात का? दुसरे वर्ष बऱ्या पावसाचे असते तरीही नैराश्य उतरले असते. मदत पोचली हे सिद्ध झाले. मदतीने उतरले हे संभवनीय आहे, इतकेच म्हणता येते. मराठवाड्यात असे काम कुणी करील तेव्हा शेजारची काही गावे तुलनेला ठेवावीत.

भाषेबद्दल दोन शब्द. ‘नैराश्य’, ‘चिंताविकृती’ हे शब्द आमच्या लेखांत शोभतात. गावात माणूस म्हणतो डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही. आणि या सगळ्यावर एक शब्द आहे, ‘टेन्शन’. तो घेऊन तो शक्तिवर्धक सलाइन लावायला जातो. यावर हसू नये. तक्रार शरीराची म्हणून मांडणे हे अज्ञान नसून पुष्कळदा शहाणपण असते. डोकेदुखीला कुणी वेडा म्हणत नाही. शिक्षकाने, आशा कार्यकर्तीने त्याच शब्दापासून सुरुवात करावी. ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘टेन्शन कधीपासून आहे? झोप किती लागते? शेतात शेवटचे कधी गेलात?’ हे प्रश्न अधिक कामाचे, कारण ते ढोबळाकडून नेमक्याकडे नेतात.

वरच्या वर्गातले मूल किंवा एखादा पालक मरणाविषयी बोलू लागला तर काय करावे, हा प्रश्न शिक्षक आम्हाला अनेकदा विचारतात. थेट विचारावे : जीव द्यावा असे मनात येते का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उपदेश करू नये, घरच्यांचा विचार कर म्हणून दटावू नये. दुसऱ्या वाक्यातली ती ‘ओझ्या’ची जखम तिथेच असते. त्याला एकटे सोडू नये, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राशी किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. हा क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवून भागणार नाही. तो पाण्याच्या टाकीजवळ, मुलांना कुणी पाहत नसताना वाचता येईल अशा ठिकाणी लिहून ठेवावा.